सतरा घरांची योरिद

गॅसचा भरलेला सिलिंडर दगडी धक्क्यावर पडला की केवढा आवाज होतो, हे मला साठाव्या वर्षी कळलं. मे महिन्याची चौदा तारीख होती, समुद्र परातीतल्या पाण्यासारखा निवांत होता, आणि माझ्या अंगात बायकोनं, गुनवोरनं, साठीनिमित्त घेतलेलं करकरीत नारिंगी जाकीट होतं. सगळा घात त्या जाकिटानं केला. बाह्या लांब होत्या. मी त्या मागे सारायला म्हणून एक हात सोडला आणि सिलिंडर निसटला. आधी धक्क्यावर आदळला, मग एकेका पायरीला घंटा वाजवत खाली उतरला, आणि तळाशी नांगराच्या साखळीवर बसून त्यानं शेवटचा एक ठणठणाट केला.

त्यासरशी योरिदनं बेटावर बदकांसाठी केलेल्या सतरा घरांतून सतरा बदकिणी उठल्या.

आयडर जातीची बदकीण घाबरून उठते तेव्हा नुसती उठत नाही. जाता जाता अंड्यांवर शिटून जाते. दिवसेंदिवस अन्नाचा कण न खाता बसलेल्या बाईच्या पोटात काय साठलेलं असतं, ते तेव्हा जगाला कळतं. पाणमांजरसुद्धा नाक मुरडून माघारी जातं म्हणतात. सीगल मात्र मुरडत नाहीत. त्यांना वास येत नाही की लाज, देव जाणे. दोन मिनिटांत आभाळ त्यांनी भरून गेलं.

योरिद दारात उभी होती. सत्तर वर्षांची, काटकुळी, अंगात तिच्या आईचं राखाडी लोकरीचं जुनं जाकीट. ती ओरडली नाही. हातात एक वल्हं घेऊन घराघरापुढे फिरत राहिली, सीगल हाकलत, पण तेही हलक्या पावलांनी, देवळात फिरावं तशी. तासाभरानं माझ्यापाशी आली आणि कानाशी कुजबुजली,

"ओड्वार, तू गाढव आहेस."

"हो," मीही कुजबुजलो.

"नुसता गाढव नाहीस. नारिंगी गाढव आहेस."

"अगं, बाही जरा—"

"गप. उरलेलं होळीनंतर."

आमच्या बेटांवर जूनच्या शेवटाला, उन्हाळा डोक्यावर आला की समुद्राकाठी होळी पेटते. तोवर बदकिणी पिल्लं घेऊन पाण्यात गेलेल्या असतात. त्यामुळे एप्रिलपासून त्या होळीपर्यंत आमच्याकडची सगळी भांडणं लांबणीवर पडतात. हातोडा वाजवायचा नाही, कुत्रं पाहुणं म्हणून दुसऱ्या बेटावर पाठवायचं, दोरीवर नवी चादर वाळत घालायची नाही. बोटीचं इंजिन लांबच बंद करायचं आणि वल्ह्यांनी किनाऱ्याला यायचं. आणि बदकिणी आल्या त्या दिवशी अंगावर जे कपडे असतील, तेच त्या जाईपर्यंत. बाईनं दुसरा स्वेटर घातला तर बदकिणीच्या लेखी ती दुसरी बाई. मी या बेटांवर जन्मलो, तीस वर्षं इथं सामानाची बोट चालवतोय. हे सगळं मला पाठ होतं. पण साठीचं जाकीट माणसाला एकदाच मिळतं, आणि वल्ही मारत आलो म्हणजे अर्धे नियम पाळलेच की, असा मी मनाशी हिशेब केला होता.

संध्याकाळपर्यंत नऊ बदकिणी परत येऊन बसल्या. आठ आल्या नाहीत. ज्या आठ घरांत त्या आल्या नाहीत तिथली अंडी दुसऱ्या दिवशी सकाळी योरिदनं हाताला लावून पाहिली. गार होती. तिनं ती उचलून समुद्रात सोडली. सीगलना द्यायची नाहीत, एवढा हट्ट.

होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तिची होडी आमच्या धक्क्याला लागली. आणि मग साठवलेलं सहा आठवड्यांचं बोलणं बाईनं एका दमात सोडलं. शेजारच्या बेटावरचे लोक बाहेर येऊन उभे राहिले. माझी अक्कल, माझी चाल, माझ्या वडिलांची चाल, माझ्या शाळेतले मार्क, काही सुटलं नाही. गुनवोर मध्ये पडेल असं मला वाटलं होतं. ती आत जाऊन वॅफलचं पीठ भिजवायला लागली. बोलणं संपल्यावर योरिदनं तपकिरी चीज घालून तीन वॅफल खाल्ले, कॉफी प्याली आणि म्हणाली, "बरं वाटलं." माझ्याकडे मात्र बघितलं नाही.

मला तेव्हा वाटलं, म्हातारी जरा अतीच करते. अंडीच होती. पुढच्या वर्षी दुसऱ्या येतील. तिचा राग अंड्यांपुरता नव्हता, हे कळायला मला आणखी काही दिवस लागले.

योरिद त्या बेटावर जन्मली तेव्हा तिथं अकरा घरं होती, आणि बदकांची चारशे. तिची आई मागनहिल्ड बदकांची राखणदारीण. आधी तिची आई, त्याआधी तिची. दगडांच्या फटीत, उलट्या घातलेल्या जुन्या होड्यांखाली, चुलीमागच्या लाकडाच्या ढिगात, जिथं म्हणून वारा लागत नाही तिथं वाळलेल्या समुद्रशेवाळाची गादी घालून घर करायचं. एप्रिलमध्ये बदकिणी पाण्यातून वर येतात, डुलत डुलत एकेका घरात डोकावतात, भाड्याची जागा बघायला आलेल्या बायकांसारख्या नाकं उडवतात, आणि मग एखादं पसंत करतात. जाताना आपल्या छातीची मऊ पिसं मागे ठेवून जातात. त्या पिसांची दुलई होते. राखणदारिणीला मिळतं ते एवढंच. दुलई अंगावर घेणाऱ्याला वाटतं पिसं ऊब देतात. योरिदचं म्हणणं, ऊब शांततेची असते. पिसं फक्त ती धरून ठेवतात.

या बदकांत एक गंमत आहे. मुलगी जिथं जन्मली तिथंच अंडी घालायला येते. दोन-तीन वर्षं समुद्रावर भटकते, नवरा गाठते, आणि त्याला मागे मागे घेऊन थेट आईच्या अंगणात. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि दुसरं, तिसरं, सगळीच माहेरी. नवऱ्याला सासरी येण्यावाचून गत्यंतर नाही. तो बिचारा चार दिवस बाहेर उभा राहतो आणि मग मित्रांबरोबर निघून जातो.

योरिद सात वर्षांची असताना बेटावरची शाळा बंद झाली. सगळ्यांनी मुख्य भूमीवर राहायला जावं असं ठरलं, आणि कुणातरी कारकुनानं सामान न्यायला जहाज येण्याची तारीख टाकली, वीस मे. मागनहिल्डनं पत्र लिहिलं: बायका बसल्या आहेत, जून संपेपर्यंत थांबा. कारकुनाला कोण बायका, कुठं बसल्या, काही उमगलं नसावं. वीस तारखेला जहाज आलं, आणि धक्क्यापाशी येऊन त्यानं रीतसर भोंगा वाजवला.

"आईनं माझे कान दाबून धरले होते," योरिदनं मला पुढं एकदा सांगितलं. "माझे. स्वतःचे नाही."

चारशे बदकिणी एकदम उठल्या तेव्हा ऊन दिसेनासं झालं म्हणे. आणि मग सगळे जहाजात चढले. थांबून कुठली परत आली हे बघायलाही कुणी राहिलं नाही.

गावात योरिद मोठी झाली. मासळीच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये तिनं एकतीस वर्षं नोकरी केली. नवरा स्वेर्रे वीजतंत्री, भला माणूस. त्यांचं घर फेरीबोटीच्या धक्क्याजवळ होतं. बोटीचा भोंगा दिवसातून सहा वेळा व्हायचा आणि सहाही वेळा योरिदच्या हातातलं काहीतरी सांडायचं. एकतीस वर्षांत तिला त्याची सवय झाली नाही. स्वेर्रे पाहुण्यांना सांगायचा, "योरिदला अर्धाच कप द्या, साडेचारची बोट यायचीय." सगळे हसायचे, तीही हसायची. तिची आई मात्र हसायची नाही. मागनहिल्ड त्यांच्याकडेच राहायची, आणि दर एप्रिलमध्ये स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभी राहून समोरच्या पेट्रोलपंपाकडे बघत राहायची. तिला तिथं पंप दिसत नव्हता. "आल्या असतील आता," एवढंच म्हणायची. आल्या नव्हत्या. माणूस गेलं की सीगल आणि पाणमांजर राज्य करतात, आणि बदकिणी ते घर टाकतात.

आई गेली, मग स्वेर्रे गेला, आणि छपन्नाव्या वर्षी योरिद आईचं राखाडी जाकीट घालून बेटावर परत आली. तिचं सामान माझ्याच बोटीतून गेलं. तिनं सतरा घरं केली, कारण तेवढ्याच जागी वारा लागत नव्हता. तीन वसंत एकही बदकीण आली नाही. रोज सकाळी सतरा रिकाम्या घरांतलं शेवाळ ती हलवून घ्यायची, पाहुण्यांसाठी अंथरूण झटकावं तसं. लोक म्हणायचे, योरिदचं डोकं जरा सरकलंय. मीही म्हणायचो. चौथ्या वर्षी एक आली. कुणाची कोण, माहीत नाही. मग तिच्या मुली आल्या, मुलींच्या मुली आल्या. सतरावं घर भरलं ते बरोबर त्याच वर्षी, ज्या वर्षी मी साठ वर्षांचा झालो.

त्या वसंतात बेटावर आणखी एक माणूस होता. एस्किल, विद्यापीठातला, चाळिशीचा, दाढीवाला, होडीत पाय ठेवला की हिरवा पडणारा. बदकांना ताण आला की त्यांच्या शरीरात काय होतं, याचा तो अभ्यास करायचा. योरिदनं त्याला राहू दिलं, पण अटी घातल्या. स्वेर्रेचा जुना कोट घालायचा, साबण लावायचा नाही, शिंकायचं असेल तर कपाटात जाऊन शिंकायचं. माझ्या पराक्रमानंतर तो माणूस नाक दाबून घराघरांतून फिरला आणि ती सगळी घाण छोट्या छोट्या नळ्यांत भरून घेतली.

"ओड्वार, हे सोनं आहे," तो मला कुजबुजत म्हणाला. "भीतीचा हार्मोन यातच उतरतो."

"मग निम्मं श्रेय माझं लिही."

"लिहीन. नावाशिवाय."

जूनच्या पहिल्या आठवड्यात त्या नऊ घरांत पिल्लं निघाली, एकतीस. पाण्यात जाण्यापूर्वी एस्किलनं प्रत्येकाच्या पायाच्या पडद्यात नखाएवढी पत्र्याची खूण लावली. पुढं कधी दिसलं तर कुठलं पिल्लू ते कळावं म्हणून. होळी होऊन काही दिवस झाल्यावर आम्ही तिघं योरिदच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. मी मासे घेऊन आलो होतो, माझं जुनं जाकीट घालून. योरिद बटाटे सोलत होती. तिनं वर न बघता विचारलं,

"भीतीनं नेमकं होतं काय?"

"अंगात एक हार्मोन सुटतो," एस्किल म्हणाला. "तो वाईट नसतो. पळायला, लढायला बळ देतो. धोका टळला की उतरतो. पण पोटात अंडी तयार होताना आई सारखी घाबरत असेल, तर तो थोडासा अंड्यातही जातो. आणि मग बसल्यावर ती सारखी उठली, तर अंडी गार पडतात. अशा दिवसांत वाढलेलं पिल्लू पुढं लवकर दचकतं. लहानशा आवाजानंही त्याच्यात तो भरभरून सुटतो, आणि उतरायला वेळ लागतो."

"किती वेळ?"

"काहींचा जन्मभर."

योरिदचा चाकू थांबला. मग तिनं बटाट्यातला डोळा काढला, नीट, गोल.

"आईला हे माहीत होतं," ती म्हणाली. "तिनं फक्त नळीत भरलं नव्हतं."

थोड्या वेळानं तिनं खरा प्रश्न विचारला. "अशा मुली माहेरी परत येतात का?"

"तेच तर शोधतोय. कधी येत नाहीत. जिथं भीती खाल्ली ती जागा टाळतात. कधी उलटंही होतं. दचकणारं पिल्लू सीगलच्या आधी पाण्यात उडी मारतं, आणि तेच वाचतं. नक्की सांगता येत नाही."

"एवढं शिकून नक्की सांगता येत नाही?"

"शिकलो म्हणूनच तर."

"बरं," योरिद म्हणाली. "म्हणजे वाट बघायची."

त्या वेळी मला समजलं, ती कशाची वाट बघणार होती. बदकिणी तर दरवर्षी येतील, कुठूनही येतील. तिला हव्या होत्या त्या याच वसंतातल्या मुली, माझ्या सिलिंडरचा भोंगा ऐकून जन्मलेल्या. त्यातली एक जरी परत आली, तर काय होणार होतं, हे तिनं मला कधी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. सिलिंडर माझाच होता.

पुढच्या वसंतात नऊच आल्या, जुन्याच, पायात खूण नसलेल्या. त्याच्या पुढच्याही वसंतात नऊच. एप्रिल लागला की मी सामानाबरोबर बातम्या नेत असे: कुठल्या बेटावर किती आल्या, कुणाच्या पायात काही दिसलं का. सगळ्या राखणदारिणींना मी विचारून ठेवलं होतं. त्या मला हसायच्या. "ओड्वार, तू तर मुलगी हरवल्यासारखा फिरतोस." मी म्हणायचो, "माझी नाही, योरिदची." योरिद माझं ऐकून घ्यायची, मान हलवायची आणि विचारायची, "लोणी आणलंस का?" पण लोणी घेऊन आत जाताना दारात थांबून समुद्राकडे बघायची. तशी तिची आई पंपाकडे बघत असणार, असं मला वाटायचं.

तिसऱ्या वर्षी एप्रिलच्या शेवटी मी वल्ही मारत पोचलो तर योरिद स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर येत होती. म्हणजे अर्धी आत होती, अर्धी बाहेर, आणि त्र्याहत्तर वर्षांच्या बाईचा पाय चौकटीवर कसा येतो हे मी बघू नये म्हणून समुद्राकडे तोंड करून उभा राहिलो.

"दार बिघडलं का?" मी कुजबुजलो.

"दाराखाली माणूस आहे."

उंबऱ्याखाली, पायरीच्या दगडामागं, एक बदकीण बसली होती. सगळी घरं टाकून, तयार गाद्या टाकून, अगदी माणसाच्या पायाखाली. तपकिरी, बारीक, मान आत ओढलेली. मी श्वास घेतला तरी तिचे डोळे हलत होते.

"दोन दिवस बेटाभोवती फिरत होती," योरिद म्हणाली. "वर यायची, पान हललं की पळायची. पुन्हा यायची. सात वेळा मोजलं मी. आठव्या वेळेला इथं शिरली."

"खूण?"

योरिदनं नुसता डावा पंजा उघडून दाखवला, पायात पडदा असतो तसा, आणि मधोमध बोट ठेवलं.

पुढचे पंचवीस दिवस योरिद खिडकीतून ये-जा करत राहिली. मी पाय ठेवायला खिडकीखाली एक बादली आणून दिली, पण तिचा आवाज होतो म्हणून तिनं ती परत केली. तिच्या जागी शेवाळाचं पोतं ठेवलं. एस्किल आला, हिरवा पडून, आणि त्यालाही खिडकीतून आत घ्यावं लागलं. तो मधेच अडकला. योरिदनं त्याला दाढी धरून ओढलं आणि तोंडावर हात दाबून ठेवला, न जाणो ओरडला तर. त्यानं उंबऱ्याजवळचं काय हवं ते लांब काठीनं गोळा करून नेलं. दोन आठवड्यांनी त्याचं पत्र आलं, ते मीच पोचवलं. बाकीच्या नऊ बदकिणींपेक्षा हिच्यात तो हार्मोन दुप्पट होता.

योरिदनं पत्र दोनदा वाचलं.

"दुप्पट," ती म्हणाली. "आणि तरी आली."

मग पत्र घडी करून जाकिटाच्या खिशात घातलं. मला वाटलं, आता भोंग्याचं काहीतरी बोलेल, आईचं बोलेल. ती म्हणाली, "कॉफी खिडकीतून देते. हात पुढे कर."

पिल्लं निघाली त्या सकाळी मी तिथंच होतो. चार होती. दुसऱ्या दिवशी, अंग वाळल्यावर, बदकीण उंबऱ्याखालून बाहेर आली आणि त्यांना घेऊन पाण्याकडे निघाली. तीस पावलं असतील. प्रत्येक दोन पावलांना ती थबकायची, मान खाली घालायची, पुन्हा चालायची. योरिद वल्हं खांद्यावर घेऊन तिच्या बाजूनं चालली होती, तिच्याच चालीनं. ती थांबली की थांबायची. वर दोन सीगल फिरत होते. योरिद त्यांच्याकडे बघत नव्हती, पण वल्ह्याचं टोक त्यांच्याकडे वळलेलं होतं. शेवटी बदकीण पाण्यात उतरली, आणि चारही पिल्लं तिच्या मागे टपाटप पडली, आणि ती मागे न बघता सरळ निघून गेली.

योरिद तिथंच पाण्यात उभी राहिली, गुडघ्यापर्यंत. पायातले बूट भरले असतील. ठिपके दिसेनासे झाल्यावरही ती तिकडेच बघत होती, जणू त्या दिशेनं आणखी कुणीतरी यायचं राहिलं होतं.

इतर बदकिणी अजून बसलेल्या होत्या. म्हणून मी जवळ जाऊन कुजबुजलो, "मग आता मला माफ केलंस म्हणायचं ना, योरिद?"

"आठ घरं अजून रिकामी आहेत," ती म्हणाली.